डेप्युटीचे मागचे पाय

सँडहिल्स नावाच्या गुरं पाळणाऱ्या मुलखात एक नियम आहे. तो कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच बहुधा कुणी तो मोडत नाही. वासरांच्या अंगावर मालकाची खूण डागतात त्या डागणीच्या दिवशी घोड्यावर बसून दोर कुणी टाकायचा, हे ज्याची गुरं तो मालक ठरवतो. वाडग्याच्या फाटकाशी उभा राहून तो नावं पुकारतो. ज्याचं नाव आलं तो वासरांच्या मागच्या पायांत फास टाकून त्यांना शेकोटीपर्यंत ओढत आणतो. ज्याचं नाव आलं नाही त्यानं खाली धुळीत वासरं दाबून धरायची, लसी टोचायच्या, लाथा खायच्या आणि हसतमुख राहायचं. माझं नाव घ्या, असं म्हणायचं नाही. सुचवायचं नाही. उगाच खाकरायचंसुद्धा नाही. पूर्वी लार्सनच्या जावयानं एकदा ‘मीही टाकून बघू का?’ असं विचारलं होतं. तो जावई आता आजोबा झाला, तरी त्याची ओळख करून देताना लोक आधी हेच सांगतात.

अर्डिस प्रुएटला या नियमाचा कधी त्रास झाला नव्हता, कारण ती मालकाची बायको. एल्डन प्रुएटशी लग्न करून ती या रँचवर आली तेव्हापासून डागणीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात असायची. भाजलेल्या मांसाचं भलंमोठं रोस्ट, घमेलंभर घेवडा, पाव आणि चॉकलेट केकचे ट्रे. तीस माणसं भुकेनं लांडग्यासारखी होऊन यायची आणि तृप्त होऊन झोपाळलेल्या डोळ्यांनी परत जायची. तिच्या केकची कीर्ती तीन परगण्यांत होती. एवढ्या कीर्तीवर माणसानं समाधानी राहायला हरकत नव्हती, आणि मागच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत अर्डिस होतीही.

मागच्या वर्षी काय झालं, तर ती कॉफीची किटली घेऊन वाडग्याशी गेली होती आणि एल्डन दुपारची नावं पुकारत होता. गुरांच्या डॉक्टरकडे ओमाहाहून त्याचा मेहुणा पाहुणा आला होता. ओमाहात त्याचं गालिचांचं दुकान. अंगात नवाकोरा शर्ट, त्याला मोत्यासारखी बटणं, आणि घोड्यावर कुठल्या बाजूनं चढायचं यावर तो अजून विचार करत होता. एल्डननं पाहुण्याचा मान म्हणून त्याचंही नाव पुकारलं. त्या गृहस्थानं दुपारभरात कुंपणाचा एक खांब पकडला, तोही दोनदा. सगळे पोट धरून हसले, त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

अर्डिस मात्र हसली नाही. तिला त्या गालिचेवाल्याचा असा हेवा वाटला की तिची तिलाच लाज वाटली, आणि लाज वाटूनही हेवा काही जाईना. इतक्या वर्षांत आपल्या नवऱ्याच्या तोंडून, त्या फाटकाशी, आपलं नाव एकदाही आलेलं नाही. खांब तर मीही पकडला असता, असं ती रात्री भांडी घासताना म्हणाली. भांड्यांशिवाय कुणी ऐकलं नाही.

त्यात या हिवाळ्यात एल्डनच्या गुडघ्यानं दगा दिला आणि त्यानं लोखंडी पिंजरा मागवला. वासरू आत ढकलायचं, दांडा ओढायचा, पिंजरा वासरासकट आडवा होतो. घोडे नकोत, दोर नको, तीस माणसं नकोत. पिंजरा येऊन अंगणात उभाही राहिला. यंदाची डागणी जुन्या पद्धतीनं करू, पुढच्या वर्षीपासून पिंजरा, असं एल्डननं जाहीर केलं. म्हणजे नाव पुकारलं जायचं तर यंदाच, नाहीतर कधीच नाही.

अर्डिस दुसऱ्याच दिवशी केकचा मोठा तुकडा घेऊन शेजारच्या वेंडेल ओबरमिलरकडे गेली.

वेंडेलनं ऐंशी ओलांडली होती. तरुणपणी त्याच्यासारखा दोर टाकणारा आख्ख्या टापूत नव्हता, असं तो स्वतः सांगायचा. खोटं म्हणायला त्या वेळचं कुणी उरलं नव्हतं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजव्या हाताला अंगठा नव्हता.

“वेंडेल, तुमच्याकडे एखादा जुना दोर आहे का?”

“कशाला हवा?”

“कपडे वाळत घालायला.”

“तीस फुटांचा?”

“कपडे पुष्कळ आहेत.”

वेंडेलनं केक संपवला, बोटं चाटली आणि धूसर डोळ्यांनी ती जिथे असावी असं त्याला वाटलं तिकडे बघितलं. “एल्डनला माहीत आहे?”

“नाही. आणि तुम्ही सांगणार नाही.”

“अगं पण त्याला माहीतच नसेल तर तो तुझं नाव घेणार कसा?”

अर्डिसनं याचा विचारच केला नव्हता. विचारायचं नाही, सांगायचं नाही, सुचवायचं नाही, आणि तरी त्याला आपोआप कळायला हवं. बायकांना नवऱ्यांकडून अशा अपेक्षा असतात हे वेंडेलला ठाऊक होतं. त्याच्या दोन बायका याच पायी त्याला सोडून गेल्या होत्या. “ते पुढचं पुढे,” ती म्हणाली. “आधी शिकवा.”

शिकवणी वेंडेलच्या शेडमागे सुरू झाली. गुरुजी घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसायचे, समोर लाकडाची घोडी, तिला मागचे पाय म्हणून दोन नळकांडी बांधलेली. हे वासरू. अर्डिसनं पहिला फास डोक्यावर गरगर फिरवून फेकला आणि तो तिच्याच चष्म्यात अडकला. दुसरा वेंडेलच्या खुर्चीत. तिसऱ्यानं कॉफी गेली.

“मनगट, मनगट!” वेंडेल ओरडला. “माश्या काय हाकलतेस? दोर हलका धर, त्याला श्वास घेऊ दे. आणि फेकू नकोस. ठेव.”

“फेकल्याशिवाय ठेवू कसा? वीस फुटांवर आहे तो.”

“मागच्या पायांच्या पुढ्यात फास उभा ठेवायचा, दार उघडं ठेवतो तसा. वासरू चालतंच असतं. ते आपल्या पायांनी दारातून आत येतं. मग ओढ. घाई केलीस की संपलं.”

त्यानंतर वेढ्यांचा धडा. वासरू पकडलं की दोर झटक्यात खोगिराच्या पुढच्या खुंटाला दोन वेढे मारून आवळायचा, आणि वेढे मारताना अंगठा वर ठेवायचा. वर म्हणजे वर. तो दोर आणि खुंट यांच्यामध्ये सापडला, की पलीकडे दोन मण वासरू ओढत असतं. वेंडेलनं आपला हात पुढे केला. महाभारतात शिष्याचा अंगठा गेला. इथे गुरूचाच गेला होता.

“तुमच्याच वाडग्यात गेला,” वेंडेल अभिमानानं म्हणाला. “एल्डन तेव्हा विशीतला. माझा अंगठा शोधत धुळीत रांगत होता बिचारा. पण तो त्यांच्या कुत्र्यालाच आधी सापडला. एल्डन दोन दिवस जेवला नाही. कुत्राही, पण वेगळ्या कारणानं.”

अर्डिसनं हे मनावर घेतलं. अंगठा वर ठेवायची सवय व्हावी म्हणून ती दिसेल त्याला वेढे मारू लागली. लाटण्याच्या मुठीला फडकं, गाडीच्या गिअरला मफलर. रविवारी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना तिनं पर्सचा पट्टा बाकाच्या टोकाला दोन वेढे मारून आवळला आणि अंगठा वर केला. पास्टर ग्रोथेना वाटलं, प्रवचन आवडलं. बिचारे इतके खूश झाले की आठवड्यात मुद्दाम तिला शोधत वेंडेलकडे आले, आणि शेडच्या कोपऱ्यावरून वळताच दोन्ही पाय फासात सापडून गवतावर आडवे झाले. कुणाला सांगू नका म्हणून देवाची शपथ घालता येईना, कारण ती त्यांची रोजचीच. म्हणून अर्डिसनं त्यांना केकची शपथ घातली. त्यांनी ती पाळली.

पण लाकडी घोडी चालत नाही आणि पास्टर रोज येत नाहीत. चालणारे मागचे पाय हवे होते. वासरं सगळी एल्डनच्या डोळ्यांसमोर.

“कुत्रा आहे ना तुमच्याकडे?” वेंडेल म्हणाला.

प्रुएटांचा कुत्रा डेप्युटी. रंगानं तपकिरी, अंगानं भरलेला, गुरं राखण्याच्या नावाखाली पाळलेला. गुरांना तो घाबरायचा आणि गुरांना ते माहीत होतं. पहिल्या दिवशी पायांत फास पडल्यावर त्याला इतका अपमान वाटला की तो वेंडेलच्या खुर्चीखाली जाऊन बसला. अर्डिसनं त्याची समजूत काढायला खिशातून रोस्टचा तुकडा काढून दिला. दुसऱ्यांदा फास पडला, दुसरा तुकडा. मग डेप्युटीनं खुर्चीखाली बसून थोडा विचार केला. आयुष्यात त्यानं केलेला हा पहिलाच विचार असावा, पण तो पक्का होता.

पंधरवड्यात अर्डिसची एकही फेक चुकेना. फास सुटला की डेप्युटीचे मागचे दोन्ही पाय त्यात. डावीकडून टाका, उजवीकडून टाका, पाय आत. वेंडेलला मोतीबिंदूमुळे एक तपकिरी ठिपका आणि एक दोर दिसायचा, आणि क्षणात दोन्ही एक झालेले दिसायचे. “अगं, काय हात आहे हा!” तो म्हणायचा. “मी बघितला नाही असा हात. माझासुद्धा नव्हता.” आणि हे म्हणणं वेंडेलला किती जड गेलं असेल हे त्याला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

खरी गोष्ट आपण आत्ताच सांगून टाकू, कारण अर्डिसला कळायला अजून अवकाश आहे. ती कुत्र्याला पकडत नव्हती. कुत्रा फासाला पकडत होता. हवेत वेटोळं दिसलं की डेप्युटी धावत जायचा, पाठ फिरवायचा आणि टुणकन उडी मारून मागचे पाय त्यात घालायचा. मग ओठ चाटत वळून बघायचा. अर्डिसला आपल्या यशाचं इतकं कौतुक की तिला फक्त शेवट दिसायचा.

एल्डनला मात्र घरात काहीतरी चाललंय असं वाटू लागलं होतं.

“कुत्रा जाड होतोय,” तो एका संध्याकाळी जेवताना म्हणाला.

“वय झालं त्याचं.”

“आणि रोस्ट बारीक होतंय.”

“शिजल्यावर आटतं.”

“अर्डिस, त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय. काल मी पाण्याची नळी गुंडाळून खाली ठेवली, तर हा त्या वेटोळ्यात जाऊन उभा. माझ्याकडे बघतोय आणि लाळ गाळतोय. सकाळी माझ्या पँटचे पट्टे जमिनीवर पडले होते, त्यातही. डॉक्टरला दाखवू या का?”

“डागणीला येणारच आहे ना डॉक्टर,” अर्डिस म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी घेवडा वाढला.

डागणीचा दिवस स्वच्छ उजाडला. वारा होता, पण सँडहिल्समध्ये वारा नसला तर माणसं तोल जाऊन पडतील. शेजारीपाजारी घोडे घेऊन आले. अंगणातल्या लोखंडी पिंजऱ्याचं सगळ्यांनी सभ्यपणे कौतुक केलं आणि त्यावर आपापले कोट टांगले. वेंडेलनं घडीची खुर्ची कुंपणाशी टाकली. पास्टर ग्रोथे लसीची सुई घेऊन सज्ज होते, थोडे लंगडत. सकाळची नावं एल्डननं पुकारली: दोघे लार्सन, गुरांचा डॉक्टर आणि ओमाहाचा मेहुणा, जो यंदा पुन्हा आला होता, आणखी चांगल्या शर्टात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्डिसनं सगळं ऐकलं. ऐकताना तिनं कणकेवर असा ठोसा मारला की यंदाचे पाव फारच हलके झाले, सगळे म्हणाले.

दुपारी जेवणं झाली. माणसं पोटांवर हात ठेवून वाडग्याकडे परतली. अर्डिसनं केकचे ट्रे झाकले, वेंडेलनं दिलेला दोर घेतला, एप्रन सोडायचा विसरली आणि आपल्या म्हाताऱ्या घोडीवर, मेबलवर, बसून वाडग्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

बोलली काही नाही. नुसती उभी राहिली.

एल्डन दुपारची नावं घ्यायला तोंड उघडून होता, तो तसाच राहिला. शेवटी एल्डन लंगडत तिच्यापाशी आला.

“जेवणं झाली ना सगळ्यांची?”

“झाली.”

“केक?”

“झाकून ठेवलाय.”

“मग इथे काय करतेस?”

“बसलेय,” अर्डिस म्हणाली.

यात नियम कुठे मोडला होता सांगा? तिनं विचारलं नव्हतं, सुचवलं नव्हतं, खाकरली नव्हती. बाई आपल्या मालकीच्या घोडीवर आपल्या मालकीच्या जमिनीत बसली होती. मांडीवर दोराचं वेटोळं होतं, एवढंच. एल्डननं ते वेटोळं बघितलं, मग तिचे हात बघितले. तळव्यांवर दोराचे चट्टे होते. ते त्यानं गेले दोन महिने रोज जेवणाच्या टेबलावर बघितले होते आणि भांड्यांच्या साबणाचे समजून घेतले होते. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलत गेला. त्यानं वेंडेलकडे बघितलं. वेंडेल आभाळाकडे बघत होता. त्यानं वेंडेलच्या उजव्या हाताकडे बघितलं, आणि जरा वेळ बघतच राहिला.

हा नाही म्हणाला, तर उद्यापासून लार्सनच्या जावयाच्या आधी माझी गोष्ट सांगतील, असं अर्डिसच्या मनात आलं. त्याहून वाईट म्हणजे हा काहीच म्हणणार नाही, मान हलवून परत जाईल, आणि आपण उरलेलं आयुष्य त्याला रोस्ट वाढत राहू.

एल्डन फाटकाशी परत गेला. टोपी सारखी केली. दोन नावं घेतली, दोन्ही शेजाऱ्यांची. मग थांबला.

“अर्डिस प्रुएट!” तो ओरडला. आडनावासकट, शेजाऱ्याचं घ्यावं तसं. आणि मग जरा खालच्या आवाजात, “दोन्ही अंगठे मोजून परत आण.”

अर्डिसला डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मेबल वाडग्यात शिरली. वासरं कोपऱ्यात गोळा झाली होती. तिनं एक काळं वासरू हेरलं, फास दोनदा फिरवला, मनगट वळवलं, सोडला. फास सुरेख उघडला. आणि कुंपणाखालून तपकिरी काहीतरी सुसाट आलं, वासराला ढुशी देऊन बाजूला सारलं, पाठ फिरवली आणि टुणकन उडी मारली.

डेप्युटी फासात उभा राहून ओठ चाटत होता.

सवयीनं अर्डिसनं दोर ओढला, सवयीनं वेढे मारले, आणि मेबलनं, जिला वासरू आणि कुत्रा यांतला फरक समजून घ्यायची या वयात इच्छा नव्हती, सरळ शेकोटीचा रस्ता धरला. डेप्युटी पाठीवर घसरत, चारी पाय वर, परम आनंदात शेकोटीशी पोचला. लार्सनांच्या पोरांनी त्याला रीतसर दाबून धरलं. पास्टर ग्रोथे सुई घेऊन वाकले आणि म्हणाले, “याला पण टोचायची का?”

हसून हसून एकजण कुंपणावरून पडला. ओमाहाचा मेहुणा तर डोळे पुसत होता. खांब पकडण्याच्याही खालची एक पायरी असते हे त्याला आज कळलं होतं.

अर्डिसनं पुन्हा फास टाकला. पुन्हा डेप्युटी. तिसऱ्यांदा तिनं त्याला हाकललं, दोर वाडग्याच्या दुसऱ्या टोकाला टाकला, आणि डेप्युटी सबंध वाडगं पार करून वेळेवर हजर झाला. तेव्हा तिनं पहिल्यांदाच, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, नीट बघितलं. ती पाठ फिरवणं बघितलं, ती उडी बघितली. तिच्या लक्षात आलं, आणि कान लाल झाले.

“वेंडेल,” ती कुंपणाजवळ येऊन हळूच म्हणाली, “मी आजवर काहीच पकडलेलं नाही हो.”

“कसं शक्य आहे? मी डोळ्यांनी बघितलंय.”

“त्याच डोळ्यांनी ना?”

वेंडेलनं डोळे चोळले. मग म्हणाला, “कुत्रा उडी मारायचा तो कुठे?”

“फासात.”

“म्हणजे फास उघडा असायचा, उभा असायचा आणि जिथे हवा तिथेच असायचा. दार तर तू नीट उघडत होतीस ना? आत कोण येतं तो नशिबाचा भाग. तो कुत्रा आधी कोंडा कुठेतरी!”

डेप्युटीला एल्डनच्या ट्रकमध्ये कोंडलं. त्यानं ते मनाला फार लावून घेतलं. स्टिअरिंगवर पुढचे पाय ठेवून तो काचेतून वाडग्याकडे बघत राहिला, आणि दर वेळी दोर फिरला की त्याचं वजन भोंग्यावर पडायचं. अर्डिसनं पुन्हा टाकला. पोंऽऽ. फास मातीत. पुन्हा. पोंऽऽ. फास मेबलच्या कानात. मेबलनं तो झटकून टाकला. आता कुणी हसत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघत होते, सकाळी पिंजऱ्याकडे बघत होते तसे.

अर्डिसनं एक श्वास घेतला. पोरांना दहा वेळा हाक मारण्यापेक्षा केक ओट्यावर ठेवून दार उघडं टाकलं की ती आपोआप येतात, हे तिला इतकी वर्षं माहीत होतं. घाई कसली? काळं वासरू कुंपणाच्या कडेकडेनं चालत होतं. तिनं फास एकदाच फिरवला आणि त्याच्या मागच्या पायांच्या पुढ्यात ठेवला. फेकला नाही, ठेवला. फास मातीवर उभा राहिला, क्षणभर, आणि वासरानं आपल्या पायांनी, एक आणि दोन, आत पाऊल टाकलं.

तिनं ओढला. दोर ताठ झाला. खुंटाला एक वेढा, दुसरा वेढा. दोर करकरला, धूर येतो की काय असं वाटलं.

“अंगठा!” एल्डन फाटकापासून जिवाच्या आकांतानं ओरडला. “अर्डिस, अंगठा!”

अर्डिसनं उजवा हात वर केला. अंगठा होता. वर होता. ती तो तसाच उंच धरून शेकोटीपर्यंत आली, मागे हंबरणारं वासरू, ट्रकमध्ये भोंगा अखंड चालू. एल्डन गुडघा विसरून धावत आला. त्यानं फास सोडवायच्या आधी तिचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं बघितली, आणि मगच वासराकडे वळला. तेव्हा तिला कळलं की हा इतकी वर्षं का तिचं नाव घेत नव्हता, आणि तिला त्याचा राग आला आणि हसू आलं, दोन्ही एकदम.

“आधी सांगायचं नाही का, मूर्खा?” ती म्हणाली.

“तू विचारलं नाहीस.”

“विचारायचं नसतं!”

“हो ना,” एल्डन म्हणाला. फास सोडवता सोडवता, तिच्याकडे न बघता तो पुटपुटला, “तो पिंजरा परत घेतात का, उद्या फोन करून बघतो.”

दुपारभरात तिनं जेवढी पकडली त्याच्या तिप्पट चुकवली. पण ओमाहाच्या मेहुण्यानं यंदा एकदाच दोर सोडला आणि तो डॉक्टरच्या गळ्यात, म्हणजे स्वतःच्या बहिणीच्या कुंकवाच्याच गळ्यात पडला, त्यामुळे बोलायला दुसरा विषय मिळाला.

संध्याकाळी अर्डिस स्वयंपाकघराकडे वळली तेव्हा तिच्या मांड्या, पाठ आणि हात यांची आपसात भांडणं चालली होती. आत तीस माणसांची ताटं, कपबश्या, करपलेले ट्रे. स्वयंपाकघराच्या पायरीवर एल्डन बसला होता. टोपी बाजूला ठेवलेली, हात स्वच्छ धुतलेले, बाह्या कोपरांच्या वर दुमडलेल्या. शेजारी डेप्युटी.

“इथे काय करतोस?” तिनं विचारलं.

“बसलोय,” एल्डन म्हणाला.

अर्डिस त्याला ओलांडून आत गेली. भांड्यांचा ढीग बघितला. एप्रन सोडून खुंटीला टांगला. मग येऊन दारात उभी राहिली, चौकटीला हात टेकून, आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं:

“वेंडेल ओबरमिलर! चमचे पुसायला.”

वेंडेल खुर्चीतून उठला.

“पास्टर ग्रोथे! ट्रे खरवडायला.”

पास्टर लंगडत आले. एल्डन आपल्या बुटांकडे बघत होता. तो खाकरला नाही. नियम त्यालाही माहीत होता. अर्डिसनं त्याला जरा वेळ तसंच बसू दिलं, फार नाही, पण त्याला लांबलचक वाटावा इतका.

“एल्डन प्रुएट!”

तो इतक्या घाईनं उठला की गुडघा कटकन वाजला.

“माझ्या आईच्या बश्या आहेत त्यात,” ती म्हणाली. “सगळ्या मोजून परत ठेव.”